एगर बंदराचा नऊ मैलांचा रस्ता

मित्रांनो, माझी लांबी अवघी नऊ मैल. लोहिला गावाच्या चौकातून मी निघतो, बटाट्याच्या शेतांमधून टॅमरॅक ओढ्याकडे उतरतो, ओढा ओलांडून पाइनच्या जंगलात शिरतो आणि एगर बंदरावर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठाशी संपतो. पुढे पाणीच आहे. त्यामुळे माझ्यावरून जो येतो, तो एगर बंदरासाठीच येतो.

तांब्याच्या खाणी बंद पडल्या, त्या वर्षांत बेकार झालेल्या फिनिश खाणकामगारांनी मला बांधले. त्यांनी दलदलीत ओंडके आडवे टाकले, वर खडी पसरली आणि ओढ्याचे पाणी माझ्याखालून जावे म्हणून लोखंडी पत्र्याची मोरी बसवली. महायुद्धानंतर माझ्यावर डांबर चढले आणि मला राज्य मार्गाचा क्रमांक मिळाला. बर्फात घातलेले मासे घेऊन ट्रक दिवसभर धावत. पुढे सरोवरातले मासे घटले, तसे ट्रकही घटले. उरली ती शाळेची बस.

एकतीस वर्षे माझी देखभाल वैनो लाहती या माणसाने केली. हिवाळ्यात तो बर्फ लोटायचा, उन्हाळ्यात खड्डे बुजवायचा. पण त्याचा खरा जीव होता मोरीत. बीव्हर हे प्राणी ओढ्यात काटक्या रचून पाणी अडवतात. वैनो दर सोमवारी त्या काटक्या उपसायचा. तो निवृत्त झाला आणि त्याची जागा रिकामीच राहिली. खड्डे बुजवायला माणसे येत, मोरीत वाकून पाहायला कोणी येत नसे. तुंबलेल्या पाण्याने मोरीच्या कडेने वाट काढली आणि माझ्या पोटातली माती थोडी थोडी वाहून नेली. वरून मी धडधाकट दिसत होतो. आपल्याला बोलता येत नाही, याचे मला तेव्हा फार वाईट वाटले.

एप्रिलमध्ये बर्फ वितळत होता. एका सकाळी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वैनोने ओढ्याच्या बंदराकडच्या बाजूला आपली गाडी माझ्यावर आडवी लावली. बंदराकडून शाळेची बस आली. ती चालवणारी लिओना खाली उतरली.

"वैनो, गाडी काढ. तेवीस पोरं आहेत बसमध्ये."

"तेवीस आहेत म्हणूनच लावलीय."

"तू निवृत्त झालास ना? घरी बसून कॉफी पी की."

"प्यालो. तीन कप. काल इथून चालत गेलो, तर पायाखाली पोकळ आवाज आला. झोपच लागली नाही."

लिओनाने वायरलेसवरून पोलीस बोलावला. कर्टिस नावाचा तरुण शिपाई आला आणि त्याने दंडाची पावती काढली.

"मिस्टर लाहती, राज्य मार्ग असा अडवता येत नाही."

"लिही पावती. पण आधी ही पहार घे आणि तिथे मधोमध दोन घाव घाल. फार पुढे जाऊ नकोस."

एकदाचे संपवावे म्हणून कर्टिसने घाव घातला. दुसऱ्या घावाला डांबर फुटले आणि पहार त्याच्या हातातून सुटून आत गेली. क्षणभराने खालून पाण्याचा आवाज आला.

कर्टिस पावलापावलाने मागे सरकला. लिओना बसकडे वळली. तिने ती लांबलचक बस अर्धा मैल मागे नेली.

"पहार माझी होती," वैनो म्हणाला. कर्टिसने पावती घडी करून खिशात टाकली.

मी पाच आठवडे बंद होतो. मुलांना जंगलातल्या कच्च्या वाटेने शाळेत जावे लागले. काँक्रीटची नवी मोरी बसली. पण एवढ्याशा रस्त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, म्हणून राज्याने मला आपल्या यादीतून काढले आणि माझ्या क्रमांकाच्या पाट्या उपटून नेल्या. मी काही दिवस खट्टू होतो. गाड्या मात्र पूर्वीसारख्याच येत राहिल्या.

आता वैनोला आधाराशिवाय चालता येत नाही. सोमवारी मुलांना शाळेत सोडून परतताना लिओना रिकामी बस ओढ्याशी थांबवते आणि दाताळे घेऊन खाली उतरते. मग ती त्याला फोन लावते.

"आज सात काटक्या."

"जाड की बारीक?"

"बारीक."

"मग नवीन पिल्लं असतील," तो म्हणतो. "शुक्रवारीही बघ."

आणि शुक्रवारीही ती येते.

मित्रांनो, रस्त्यावरचा खड्डा सगळ्यांना दिसतो, त्याची तक्रारही होते. तुमच्या गावच्या रस्त्याखालीही एखादी मोरी असेल. जाता-येता थोडे वाका, आणि तिच्यातून पलीकडचा उजेड दिसतो का, एवढे पाहा.