उंबऱ्यावर ओतलेलं पाणी

मित्रांनो, मी सोफियातल्या एका विज्ञान केंद्रातला जुना महासंगणक आहे. एका सेकंदात अब्जावधी गणितं करतो. माझ्याइतकं हुशार या शहरात कोणी नाही. फक्त मला चालू करायला आमची तंत्रज्ञ डोब्रिंका लागते.

बावीस वर्षं लागते आहे. माझा कुठला पंखा कुरकुरतो, हे ती दाराबाहेरूनच सांगते. पुराचा अंदाज चुकला, तर चूक माझ्या गणितात आहे की धरणावरच्या मोजपट्टीत, हेही तिलाच कळतं. एकदा आम्ही पूर दोन दिवस आधी ओळखला. वर्तमानपत्रात फोटो आला माझा आणि संचालक कांचेवांचा. डोब्रिंका तेव्हा माझ्या पाठीमागे वायर धरून उभी होती.

यंदा माझ्या शेजारी नवा महासंगणक आला. "हा स्वतःच स्वतःला सांभाळतो," असं कांचेवांनी मंत्र्यांना सांगितलं आणि डोब्रिंकाच्या हातात पत्र ठेवलं: शुक्रवार शेवटचा दिवस. उद्घाटनही शुक्रवारीच. मला संताप आला की माझे पंखे जोरात फिरतात. कांचेव म्हणाले, "म्हातारा झालाय."

आमच्याकडे कोणी परीक्षेला किंवा नव्या कामाला निघालं, की उंबऱ्यावर पाणी ओततात. काम पाण्यासारखं वाहतं म्हणे. शुक्रवारी कांचेव मंत्र्यांसोबत तांब्याचं भांडं घेऊन थेट यंत्रखोलीच्या दारात आले.

"साहेब, इथली जमीन पोकळ आहे. खाली सगळी वीज. बाहेरच्या पायरीवर ओता," डोब्रिंका म्हणाली.

"डोब्रिंकाबाई, माझ्या आजीने ओतलं म्हणून मी प्रोफेसर झालो!"

"आजीने अंगणात ओतलं होतं. तिला अक्कल होती."

कांचेवांनी भांडं उपडं केलं. फट्! नवा महासंगणक विझला. जळका वास सुटला. मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

"बटण कुठंय? डोब्रिंकाबाई, मुख्य बटण!"

"माझ्या डोक्यात आहे, साहेब. ते तुम्ही उद्यापासून घरी बसवलंय."

तरी ती आत गेली. कारण माझ्यावर मारित्सा नदीच्या पुराचं गणित चालू होतं, आणि नदीकाठची गावं उत्तराची वाट बघत होती. ओल्या जमिनीखाली सरपटत जाऊन तिने नव्याची वीज तोडली, माझी राखली. गावं वेळेवर रिकामी झाली.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, असं मी सांगणार नाही. आमचा विमा असतो. थोडी लाज उरली असेल, तर आमच्या पाठीमागे कोण उभं आहे, ते एकदा वाकून बघा.

चौकशी समितीच्या मते भांडं फार मोठं होतं. सोमवारी डोब्रिंका नव्हती. लहान भांडं आलं होतं.