आकाशातून पडलेला कोबीचा दगड

कुलपाशच्या नवऱ्याला जाऊन उद्या वर्ष होत होतं. त्या वर्षात तिला कशाचीच चव लागली नव्हती. मटण खाल्लं काय आणि पुठ्ठा चावला काय, तोंडाला सारखंच. रडूही आलं नव्हतं. भेटायला आलेल्या बायका हुंदके देत आणि ही शांतपणे चहा ओतत बसे. आता तासकुदुक गावात पाहुण्याला चहा अर्धा प्यालाच देतात. काठोकाठ भरला की त्याचा अर्थ, बसलात तेवढं पुरे. कुलपाशचं लक्ष नसे, प्याले भरभरून जात, आणि बायका रडणं अर्ध्यावर टाकून दाराशी जोडे शोधायला लागत.

नवरा, ओरिनबासार, शाळेत भूगोल शिकवायचा. ही भौतिकशास्त्र. शाळेच्या टोकाच्या खोलीत दोघांनी एकतीस वर्षं मुलांसाठी 'ताऱ्यांपासून दगडांपर्यंत' नावाचं मंडळ चालवलं होतं. छताला ग्रह टांगलेले होते. ते कुर्तचे, म्हणजे खारट दही वाळवून केलेल्या गोळ्यांचे होते, त्यामुळे बुध उंदरांनी केव्हाच संपवला होता. शनीवरही दातांच्या खुणा होत्या, पण त्या उंदरांच्या नव्हत्या. भिंतीलगतच्या खणांत दगड, प्रत्येकाखाली ओरिनबासारच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी. आणि मधोमध काचेच्या पेटीत, शाल पांघरून, खोलीचा राजा. आकाशातून पडलेला दगड.

तो ओरिनबासारला रेल्वेलाइनीपलीकडे माळावर सापडला होता. काळाकुट्ट, ओबडधोबड, लहान कलिंगडाएवढा, पण वजन पंधरा किलो. गावात नवं मूल किंवा नवी सून पहिल्यांदा बघायची तर काहीतरी भेट द्यावी लागते, तिला कोरिमदिक म्हणतात. आकाशातून कोणी आलंय म्हटल्यावर गावाने दगडालाही ती दिली. कोणी साखर आणली, कोणी शाल, आणि झानुझाकने तर अख्खं कोकरू.

तिसऱ्या दिवशी कुलपाशने प्रयोगशाळेत दगडाचा एक कोपरा कानशीने घासला आणि त्यावर औषधाचा थेंब टाकला. आकाशातून पडणाऱ्या लोखंडात निकेल असतं, आणि निकेल असलं की थेंब गुलाबी होतो. थेंब पांढराच राहिला. सांगायला ती घरी गेली, तर कोकरू शिजत होतं आणि नवरा पुठ्ठ्यावर जीभ बाहेर काढून लिहीत होता, 'अवकाशातून आलेला पाहुणा'. ती गप्प बसली. मग एकतीस वर्षं तशीच बसली.

आता जिल्ह्यातून पत्र आलं होतं की ही खोली संगणकांसाठी हवी आहे. संगणक आले नव्हते, पण त्यांना जागा मात्र तातडीने लागणार होती. खोलीत दुसरीकडे कुठेच नाही असं काही असेल तर खोली राहील, नाहीतर सामान खोक्यांत भरा. त्यासाठी आज येसेन्गेल्दी नावाचा तपासनीस येणार होता. कुठेच नाही असं तिथे एकच होतं. दगड गेला की खोली गेली, खोली गेली की ओरिनबासारच्या अक्षरातल्या सगळ्या चिठ्ठ्या खोक्यात. कुलपाशला हे ठाऊक होतं. जाणवत मात्र काही नव्हतं. दातवाल्याने भूल दिल्यावर गाल आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी दुसऱ्याचा वाटतो, तसं.

येसेन्गेल्दी दुपारी आला. आलेल्याला आधी जेवायला घालायचं, मग काम, त्यामुळे तपासणी कुलपाशच्या घरी ताटावर सुरू झाली. वाढायला नणंद बातिमा होती. ती ओरिनबासारची मोठी बहीण, शाळेत झाडलोट करायची, आणि शाळेच्या सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला असायच्या. उद्याच्या वर्षाच्या जेवणाला दोनशे माणसं येणार होती आणि ती सगळी जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली होती. आत-बाहेर करताना ती कुलपाशच्या कानाशी वाकली.

"केलिन, चेहरा जरा सरळ कर. साहेब आलाय, कोणी गेल्याची खबर नाही आलेली."

भावजयीला ती कायम केलिनच म्हणायची, सून म्हणजे सून, पन्नाशी उलटली तरी.

साहेब खुशीत होता. त्याला खारवलेला कोबी फार आवडला. तीनदा मागून घेतला आणि असा करकरीत कोबी सबंध जिल्ह्यात खाल्ला नाही म्हणाला. बातिमा म्हणाली, सगळं वजनावर असतं.

मग सगळे शाळेत गेले. मंडळाची मुलं रांगेत उभी होती. त्यांतली मेरुएर्त नावाची बारा वर्षांची मुलगी पुढे झाली आणि सूर्यापासून सुरुवात करून न थांबता गारगोटीपर्यंत आली. तपासनीस मान डोलवत कागदावर पेन्सिलीने खुणा करत होता. शेवटी तो पेटीपाशी आला. रीत त्यालाही माहीत होती. खिशातलं चांगलं पेन काढून त्याने पेटीवर ठेवलं, बातिमाने ते लगेच उचलून आपल्या ओच्यात टाकलं, आणि त्याने झाकण उचलून शाल ओढली.

पेटीत कलिंगड होतं.

मेरुएर्तने वाकून त्यावर टिचकी मारली आणि पिकलंय असं हळूच सांगितलं.

बातिमाच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. उद्याच्या जेवणासाठी तिने कोबीची तीन पिंपं घातली होती, आणि वर ठेवायला दगड दोनच. मग तीन आठवड्यांपूर्वी हा नेला. शाल बसकी दिसू नये म्हणून खाली कलिंगड ठेवलं, त्यात काय एवढं. भावाच्या जेवणाला भावाचाच दगड नको का? तपासनीसाने नकळत पोटावर हात ठेवला.

कुलपाशने बातिमाकडे पाहिलं. तिला राग यायला हवा होता. तिने थोडी वाट पाहिली, पण तो आला नाही.

सगळी वरात बातिमाच्या अंगणात गेली. कुंपणापलीकडून कोकरूवाला शेजारी झानुझाकही डोकावला, आता चांगलाच म्हातारा झालेला. बातिमाने बाह्या सारल्या, पिंपात कोपरापर्यंत हात घातले आणि दगड वर काढला. कोबीत असलं घाणेरडं कसं घालणार, म्हणून तिने तो आधी तीन दिवस राख, वाळू आणि तारेच्या घासणीने घासला होता. अवकाशातून येताना जळून झालेली काळी साल, असं ओरिनबासार जिला म्हणायचा, ती डांबराची निघाली. खालून विटेच्या रंगाचं गंजकं लोखंड वर आलं होतं. त्यातून मिठाचं पाणी ठिबकत होतं, आणि एका अंगाला ओतीव अक्षरं स्पष्ट दिसत होती. मेरुएर्तने ती मोठ्याने वाचली. कारखाना क्रमांक चार. खाली साल, एकोणीसशे सत्तावन्न.

मागून एका मुलाने विचारलं की वर कारखाने एकूण किती आहेत. कोणी हसलं नाही. मेरुएर्त कुलपाशकडे वळली. शाळेतल्या बाईंना मुलं आपाय म्हणत.

"आपाय, सर तर सांगायचे हा आकाशातून आला. म्हणजे त्यांना माहीत नव्हतं, की ते आम्हाला खोटं सांगायचे?"

बातिमा ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. आपण काय घासून काढलंय ते तिला आत्ता कळलं. तपासनीस माणूस तसा वाईट नव्हता, आणि कोबी त्याने खाल्ला होता. तो खाकरला.

"सत्तावन्न साल म्हणता? त्याच साली आपल्याच माळावरून पहिला उपग्रह वर गेला. त्याच्याबरोबर गेला असेल एखादा तुकडा. परत आला असेल. आकाशातूनच ना मग? मी तसं लिहितो."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कुलपाशने नुसती मान हलवली असती तर खोली राहिली असती, चिठ्ठ्या राहिल्या असत्या, ओरिनबासार राहिला असता. हे सगळं तिने नीट मोजून पाहिलं. गाल अजून बधिरच होता, आणि बधिर माणसाला सुई टोचून घ्यायला काय लागतं.

"ओतीव लोखंड आहे," ती म्हणाली. "मालगाडीचं काहीतरी मोडलेलं. मी तिसऱ्याच दिवशी तपासलं होतं, त्यांना सांगितलं नाही. ते खोटं बोलले नाहीत, मेरुएर्त. मी बोलले."

कुंपणावरून झानुझाकचा आवाज आला. "म्हणजे माझं कोकरू?"

"तूच दोनदा वाढून घेतलंस त्यातलं," बातिमा म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

मेरुएर्त मात्र पुढच्या गोष्टीवर गेली होती. तपासलं म्हणजे कसं तपासलं? कुलपाशने सांगितलं. मुलांनी दगड उचलला आणि प्रयोगशाळेत नेला, मागोमाग तपासनीस, कारण त्याचे कागद शाळेतच राहिले होते. कोपरा घासला, थेंब टाकला. पांढरा. एकाने शंका काढली की औषधच जुनं झालं असेल. बातिमाने घरून निकेल घातलेला जुना चमचा आणला, लग्नातला, आणि तो घासू देताना डोळे मिटून घेतले. चमच्यावरचा थेंब गुलाबी झाला. मुलांनी दोन्ही थेंब वहीत काढले, तारीख घातली, खाली भांडत भांडत सह्या केल्या.

येसेन्गेल्दीने 'दुसरीकडे नसलेल्या वस्तू' या रकान्यातला एक खोडून शून्य केलं. मग बोट खाली नेलं. 'चालू वर्षात विद्यार्थ्यांनी केलेलं संशोधन, निष्कर्षासह'. हा रकाना जिल्ह्यातल्या एकाही शाळेने आजवर भरला नव्हता. तो कशासाठी आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं, त्यालाही. त्याने तिथे लिहिलं, एक. रकाना भरलेली खोली बंद करायची तर वर लेखी कारण द्यावं लागलं असतं, आणि त्याचा त्याला कंटाळा होता. त्याने खोली चालू ठेवावी असं लिहून सही केली. पेन बातिमाकडून उसनं घेऊन. मग कुलपाशने त्याला चहा दिला, काठोकाठ, आणि तो मुकाट्याने उठून गेला.

संध्याकाळी कुलपाशने पेटीतला पुठ्ठा काढला. नवऱ्याचं 'अवकाशातून आलेला पाहुणा' तसंच ठेवलं. त्याखाली आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं, 'असं एकतीस वर्षं वाटत होतं'. दगड लगेच ठेवता आला नाही. बातिमाने तो पुन्हा पिंपावर ठेवला होता, जेवण व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दोनशे माणसं जेवली. कुराण वाचून झालं, ओरिनबासारबद्दल चांगलं बोलून झालं, दगडाबद्दल कोणी बोललं नाही, झानुझाकसुद्धा नाही. फक्त तिसऱ्या पिंपाचा कोबी पानांवर तसाच राहिला. बायका कुजबुजत होत्या की त्याला गंजाचा वास येतोय. बातिमा पानं उचलत कुलपाशपाशी आली आणि म्हणाली, टाकून दे केलिन, मीच घाण केली.

कुलपाशच्या तोंडात घास होता. तो खारट होता, आंबट होता, आणि मागून लोखंड. तिने हात आडवा करून पान धरून ठेवलं आणि आणखी थोडा वाढायला सांगितला.