एकोणिसाव्या बाईचा जबाब

यावलच्या कचेरीबाहेर मी अर्ज लिहितो. गिरधर अर्जवाला म्हणा, कोणीही दाखवील. माझ्या वहीत नंबर, नाव, विषय आणि शेवटी काय झालं, असे चार रकाने. शेवटचा बहुतेकांचा कोराच. पण एक अर्ज मी वहीत घेतलाच नाही, कारण तो अर्ज नव्हता.

अठ्ठ्याऐंशी साली धुळ्याच्या कॉलेजातून झुलाल आला. एम.ए. करत होता. सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा वस्तीत माणसांच्या मनाचं काय होतं, हा त्याचा विषय. पोरगा सालस, चप्पल मात्र शहरी. पहिल्याच नाल्यात एक वाहून गेली. पावरी बोली येईना म्हणून दुभाषा मी. छापील प्रश्न बत्तीस, माणसं चाळीस.

एकोणिसावी धनीबाई. तिचा मुलगा आदल्या वर्षी विहिरीत गेलेला. झुलालने वाचलं, "झोप लागत नाही, असं होतं का? कधीच नाही, क्वचित, वारंवार?"

मी विचारलं आणि बाई बोलायला लागली ती थांबेचना. मुलगा हाक मारतो. ती रोज विहिरीवर जाते, काठाशी बसते, परत येते. "एक दिन नही येनार मी," म्हणाली.

झुलालचा पेन थबकला. "भाऊ, हिला डॉक्टर पाहिजे."

"मग सांग ना तिला."

"सरांनी बजावलंय, मधे सल्ला द्यायचा नाही." त्याने 'वारंवार'वर खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला.

शेवटी संमतीच्या कागदावर अंगठा घ्यायचा होता. तिने मला विचारलं, "जबाब येई ना, भाऊ?"

हा अर्ज नव्हे, याला जबाब म्हणजे उत्तर येत नसतं म्हणालो असतो, तर तिने हात मागे घेतला असता. अजून एकवीस माणसं बाकी, बस पाचची. म्हणालो, "येई, येई."

झुलाल पहिल्या वर्गात पास झाला. इकडे धनीबाईचा भाऊ बिजला तिला जळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला दोनदा निघाला. ती जागची हलेना. "अंगठा देयेल शे. दवाखानामा आखो दिधा तर पहिला बाद होई."

हा कायदा तिला शिकवला कोणी? मीच. रेशनकार्डाच्या वेळी अख्ख्या वस्तीला दम भरला होता, एका कामाचा एकच अर्ज, दोन दिले की दोन्ही लटकतात.

दर बाजाराला ती माझ्यासमोर उभी. "जबाब ऊना का?"

"नही ऊना, अक्का."

शेजारचा स्टँपवाला डोळा मारायचा, "गिरधर, बाईचं काम का रे अडवलं?" मीही हसायचो. पुढे ती यायची थांबली, तेव्हा मला हायसंच वाटलं.

दीड वर्षाने धुळ्याच्या स्टँडवर झुलाल भेटला. म्हटलं, "धनीबाई अजून वाट पाहते."

"कोण धनीबाई?"

"एकोणिसावी."

त्याचा चहा तसाच राहिला. "तिच्यावर दीड पान आहे माझ्या प्रबंधात," म्हणाला. मग, "एक पत्र टाकायला काय झालं होतं मला?" तिथेच बाकावर बसून त्याने लिहून दिलं: धनीबाईंचा अर्ज मंजूर, जळगावला दाखवावे.

एवढं तर मलाही लिहिता आलं असतं. अर्ध्या तालुक्याचे कागद मी लिहितो.

दुसऱ्याच दिवशी वस्तीवर गेलो. धनीबाई कुडाला टेकून बसलेली. मी वाचलं. मग मोठ्याने वाचलं.

बिजला म्हणाला, "दोन महिना हुई ग्यात. बोलत नही कोनशी."

हात धरून उठवली तर निमूट निघाली. दवाखान्यात डॉक्टर चिडले, "इतके दिवस घरी का ठेवलं?"

बिजलाने माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठीची घडी घालत राहिलो.