मी पुन्हा त्या डोंगराकडे पाहिले

मित्रांनो, मी उदगीरच्या एका घरातली जुनी दुर्बीण आहे. माझ्या डाव्या काचेवर चरा आहे, तरी मला लांबचे स्वच्छ दिसते.

रविकांत सरांनी मला नांदेडच्या एका दुकानातून आणले आणि माझे भाग्य उजळले. सर शाळेत भूगोल शिकवत. रविवारी ते मुलांना तलावावर नेत. करकोचे पाहायला मुले मला एकमेकांच्या हातून ओढून घेत. "सर, पिसं बी दिसायलीत," असे कुणी म्हणाले की मला धन्य वाटे.

एका उन्हाळ्यात सर आणि त्यांच्या पत्नी रेणुकाताई काश्मीरला गेले. एका खोऱ्यात प्रवासी चहाला थांबले होते. सर माझ्यातून डोंगर पाहत होते. तेवढ्यात उतारावरून गोळ्या सुटल्या. मी दगडावर आपटले. सर माझ्या शेजारी कोसळले, ते पुन्हा उठले नाहीत.

त्यानंतर मी कपाटात पडून राहिले. कुणी माझ्याकडे पाहतही नसे. पुढे तपासात निघाले की, त्या बंदूकधाऱ्यांना सीमेपलीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांनीच शिकवून, शस्त्रे देऊन पाठवले होते. तो देश मात्र म्हणाला, आमचा काही संबंध नाही.

रेणुकाताई कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात. एकदा त्यांचा विद्यार्थी शिवकुमार घरी आला. त्याने विचारले, "मॅडम, त्यांचं आपल्याशी भांडण हाय, तर उघड लढत का न्हाईत?"

"उघड युद्ध महाग पडतं, जगाला जाब द्यावा लागतो. दुसऱ्याचं पोरगं पाठवलं की हात झटकता येतात. आपण घाबरावं, आपसात भांडावं, काश्मीरात पाऊलही टाकू नये, हेच त्यांना पाहिजे असतं."

बोलता बोलता त्या थांबल्या. उठून त्यांनी कपाट उघडले आणि पदराने माझ्या काचा पुसल्या. "मी पुन्हा तिथं जाणार," त्या म्हणाल्या.

सरांच्या आई, सरजाबाई, दारातच उभ्या होत्या. "लेक गेला तिथं. आता सून बी घालवू का?"

"आत्याबाई, आपण दार लावून बसलो तर त्यांच्या मनासारखं होईल."

सरजाबाईंनी आत येऊन माझ्या काचेवरच्या चऱ्यावरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "माझं बी तिकीट काढ."

त्या खोऱ्यात चहाची टपरी चालू होती. टपरीवाल्याने रेणुकाताईंना ओळखले आणि दोघींसाठी घोंगडी अंथरली. सरजाबाईंनी मला डोळ्यांना लावले. त्यांच्या डोळ्यांतले पाणी माझ्या काचांना लागले, पण त्यांनी मला खाली ठेवले नाही.

"डोंगरापल्याड त्यांचा देश हाय का?"

"हो."

"बंदुका देणाऱ्यांना कळंल का, आपण आलो म्हणून?"

"कळेल कधीतरी."

"मंग लवकर उठायचं न्हाई."

मित्रांनो, मला कपाटात बंद करू नका. माझ्या काचा पुसत जा, मला घेऊन बाहेर पडत जा. आणि कुणी भीती घालून तुमची नजर खाली वळवू पाहत असेल, तर तिकडेच आणखी थोडा वेळ पाहा.