सातशे पोरं आणि एक माईक

सेनाम आग्बेको बाईंच्या वर्गात सातशे पोरं, त्यातली निम्मी खिडक्यांबाहेर उभी. ओरडून ओरडून बाईंचा घसा बसला. आलं घातलेला सोबोलो, म्हणजे अंबाडीच्या फुलांचं सरबत, पिऊनही उघडेना. तास बुडाले तर नोकरी जाणार. रडकुंडीला येऊन त्या विद्यापीठाच्या अध्यापक साहाय्य केंद्रात, तिथल्या प्रमुख प्रोफेसरांकडे गेल्या.

"प्रोफेसर, माईक द्या हो," त्या कुजबुजल्या.

"आहे की! पण मंगळवारी दहाला तो आमच्या प्रशिक्षणाला लागतो. विषय, मोठ्या वर्गाला कसं शिकवावं."

"येतात किती?"

"नऊ. मला धरून. तुम्हीही या."

"माझा तास तेव्हाच असतो."

"अरेरे! तुमच्याच उपयोगाचं होतं."

मंगळवारी दहाला बाई प्रशिक्षणाला हजर झाल्या. मागोमाग वर्ग आला आणि जिन्यापर्यंत बसला. प्रोफेसरांनी माईक बाईंपुढे केला.