पिंप, दोन व्याही आणि नवा डांबरी रस्ता

माझा नवरा एवारिस्तो घरी बिअर करतो. चांगली करतो, पण मधूनच एखादी खेप आंबट होऊन बिघडते. सासूबाईंच्या साठीला आंबट झाली तेव्हा पाहुण्यांनी ती व्हिनेगर म्हणून सॅलडवर ओतून खाल्ली. त्या दिवसापासून त्याने एकच ध्यास घेतला होता: आमच्या लेकीच्या, यास्मिनच्या लग्नात लोक त्याचीच बिअर पितील, आणि कोणी तोंड वाकडं करणार नाही.

लग्नाचं ठरवायला व्याही लुदोविको नेउकेन शहरातून आमच्याकडे राहायला आले. माणूस सज्जन, पण नाकावर माशी बसू देत नाही. त्यांनी पडवीतलं दोनशे लिटरचं पोलादी पिंप बोटाने वाजवून पाहिलं.

"हे आतून निर्जंतुक कसं करता?"

"दोन लिटर जंतुनाशक घालायचं, झाकण आवळायचं, आणि पिंप गाडीत आडवं टाकून खडीच्या रस्त्याने ओफेलियाच्या दुकानापर्यंत जाऊन यायचं," एवारिस्तो म्हणाला. "हादऱ्यांनी कोपरा न् कोपरा धुऊन निघतो."

"पिंप भरून का नाही घालत?"

"मग लग्नात जंतुनाशकच पाजावं लागेल, व्याहीबुवा. बिअरला पैसे कुठून आणू?"

व्याही हसले नाहीत. "तुमची बिअर तुम्हाला लखलाभ. मी आपली दुकानातली चार पिंपं सांगून ठेवतो. असू द्यावीत त्या दिवशी गाडीत, वेळेला लागतील."

एवारिस्तोचा चेहरा पडला. मला इतका राग आला की व्याह्यांना दिलेल्या 'माते'च्या कडू चहात मी मुद्दाम साखर घातली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिअरसाठी सातूचा काढा उकळून झाला आणि निवायला ठेवला. तो निवेपर्यंत पिंप तयार हवं. पिंपात जंतुनाशक घालून आम्ही तिघं गाडीत बसून निघालो. मी मागे पिंपाशेजारी होते. एरवी आतलं जंतुनाशक असं आदळतं की बोललेलं ऐकू येत नाही. आज काहीच आवाज नाही. ते तळाशी खुशाल डुलक्या घेत होतं.

कारण हा खडीचा रस्ता मागच्याच आठवड्यात डांबरी झाला होता, आणि लग्नाच्या गडबडीत ते आमच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. तो करून कोणी घेतला? वस्तीच्या मंडळाच्या अध्यक्षाने, म्हणजे एवारिस्तोनेच. त्यासाठी त्याने वर्षानुवर्षं नगरपालिकेचं डोकं खाल्लं. उद्घाटनाच्या भाषणात म्हणालाही होता, "आता आपल्या गाडीतलं अंडंसुद्धा हलणार नाही."

त्याने गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"दुसरा खडीचा रस्ता?" व्याह्यांनी विचारलं.

"नदीपलीकडे. जाऊन येईपर्यंत काढ्यात माश्या पोहतील."

"मग पिंप रस्त्यावर लोळवा की," मी म्हणाले. "रस्ता गुळगुळीत आहे. तुम्ही दोघं धडधाकट आहात. का मी उतरू?"

उतरले बिचारे. पिंप लोळवायचं, मध्येच उभं करायचं, मग उलटं, पुन्हा आडवं. उतार लागला तसं पिंप पुढे पळालं आणि पॉलिश केलेल्या बुटांत व्याही त्याच्या मागे.

"हळू, व्याहीबुवा. पिंप धुवायचंय, सरकार पाडायचं नाहीये."

"तुम्ही पुढून धरा आधी. नुसते हुकूम सोडताय."

ओफेलियाच्या दुकानापाशी दोघं फुटपाथवर बसले आणि भोपळ्याच्या एकाच पेल्यातून, एकाच नळीने माते ओढत राहिले. व्याह्यांचा कोट एका बाजूने काळा झाला होता. परत चढावर ढकलताना मात्र दोघांत भांडायचंही त्राण उरलं नाही.

लग्नाच्या दिवशी अंगणात कोकरू भाजत होतं. एवारिस्तोने पिंपाची तोटी उघडून पहिला ग्लास भरला आणि तो हातात धरून नुसताच उभा राहिला. त्याची प्यायची हिंमत होईना. एवढा मोठा बाप्या एका ग्लासाला घाबरलेला पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात व्याही आले आणि त्याच्या हातातून ग्लास काढून घेऊन पिऊ लागले. सगळं अंगण त्यांच्याकडे पाहत होतं.

त्यांच्या पुतण्याने हळूच विचारलं, "काका, गाडीतली पिंपं उतरवू का?"

व्याह्यांनी ग्लास रिकामा केला, मिशी पुसली आणि तो पुन्हा तोटीखाली धरला.

"राहू देत तिथेच. दुकानातल्या पिंपांचा काय भरवसा? कोणी धुतली, कशी धुतली, देव जाणे. हे आम्ही स्वतः लोळवलंय."