दुसरगावातला बांध

अजिनाथ मोजणीवाल्याला शिव्या पडल्या नाहीत असं एकही गाव गेवराई तालुक्यात सापडायचं नाही. माणूस वाईट नव्हता हो, धंदाच तसला. शेतात जायचं, यंत्र लावायचं, हद्द कुठं आहे ते बघायचं, चुन्याची फक्की मारायची आणि चालू लागायचं. आता हद्द एकाच्या बाजूनं लागली की दुसऱ्याच्या पोटात दुखणारच. ज्याच्या बाजूनं लागली तो म्हणायचा, “त्यात काय, सरकारी कामच हाय त्यांचं,” आणि ज्याच्या विरोधात गेली तो अजिनाथच्या सात पिढ्या मोजून काढायचा. एकदा तर एक म्हातारी खुरपं घेऊन मागं लागली होती. साहेब कपाशीतून असे पळाले की यंत्र राहिलं बांधावर आणि एक चप्पल राहिली सरीत.

वीस वर्षं अजिनाथ प्रत्येक बांधावर तेच एक वाक्य बोलत आला होता. “अहो, इतभर जागेसाठी कावून भांडता? मेल्यावर उरावर न्हेणार का?” वाक्य चांगलं होतं. ऐकत कुणी नव्हतं.

अशा कावलेल्या माणसाला दुसरगाव सापडलं. दुसरगाव म्हणजे मोबाईलमधलं गाव. तिथं आपली एक बाहुली असते. ती चालते, घर बांधते, झाडं लावते, आणि आपण टाइप केलेलं तिच्या डोक्यावर उमटतं, की झालं बोलणं. आणि जमीन? फुकट! बोट दाबलं की नवा प्लॉट. कितीही घ्या, संपतच नाही. हे कळलं त्या दिवशी अजिनाथच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. जिथं जमीन संपत नाही तिथं शेजाऱ्याचा बांध कोरून जागा खाणार कोण?

मोगरा गल्ली म्हणून तिथं मराठी माणसांची एक गल्ली होती. अजिनाथनं तिच्यात घर बांधलं, विहीर पाडली आणि कुंपणाजवळ कडुलिंबाचं झाड लावलं. दुसरगावात बाकी सगळं हलवता येतं, झाड नाही. आणि झाडाला रोज स्वतःच्या हातानं पाणी घालावं लागतं, तीन दिवस चुकलं की वाळलं. दोन वर्षं अजिनाथनं एक दिवस चुकवला नाही. ताप असताना घातलं. मेव्हणीच्या लग्नात अक्षता पडायच्या वेळेला मंडपामागं जाऊन घातलं. त्याची बायको राजश्री म्हणायची, “त्या लिंबाला घालता तितकं पाणी दारातल्या मोगऱ्याला घातलं असतं तर गेवराईत फुलाचं दुकान टाकलं असतं आपण.”

आता या गल्लीची एक रीत होती. नवीन माणूस आला की त्याला विचारायचं, “बाहेर आपण काय करता?” बाहेर म्हणजे खऱ्या जगात. आणि उत्तरं अशी यायची की ऐकत राहावं. अकरा घरांच्या गल्लीत एक हार्ट सर्जन, एक जज्ज, एक सिनेमाचा निर्माता, दोन हिऱ्याचे व्यापारी. हातानं काम करणारं कुणी औषधालाही सापडायचं नाही. सगळ्या गल्लीत एक न्हावी नाही की गवंडी नाही. अजिनाथला पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा त्यानं लिहिलं, ‘मोजणीवाला’. मग अंगठा घुटमळला. इथंही सात पिढ्या निघायच्या, असं त्याला वाटलं. त्यानं ते पुसलं आणि लिहिलं, ‘पायलट’. तेव्हापासून तो कॅप्टन विक्रांत.

आणि नशीब बघा, शेजारीण निघाली एअर होस्टेस! नाव पॅरिसराणी, बाहुलीला गुलाबी झगा आणि पाठीला पंख. अजिनाथ महिनाभर धास्तावलेला होता, ही आता विमानाचं काही विचारणार. शेवटी त्यानंच एकदा धीर करून विचारलं, “आपली कंपनी कोणती?”

“मोठी,” पॅरिसराणी म्हणाली. “तुमचं इमान केवढं?”

“लई मोठं.”

“माझं बी.”

त्यानंतर दोघांनी विमानाचा विषय जन्मात काढला नाही. कधीकधी पॅरिसराणी भर गप्पांत म्हणायची, “थांबा, लाईट आली, मोटर चालू करून येते.” अजिनाथला वाटायचं, असेल, पॅरिसलाही मोटर असेल.

सगळं असं छान चाललेलं आणि एका सोमवारी सकाळी अजिनाथनं फोन उघडला, तर कुंपण सरकलेलं! पॅरिसराणीनं मेंदीचं कुंपण चांगलं एक पाऊल त्याच्या बाजूला सारलं होतं आणि त्याचा लिंब गेला होता पलीकडं, तिच्या अंगणात.

“बांध कोरला!” अजिनाथ स्वयंपाकघरात ओरडला.

राजश्रीच्या हातातलं उलथणं खाली पडलं. “कुणी?”

“पॅरिसराणीनं!”

“अवो पण आपल्याला शेत कुठाय?”

अजिनाथ ऐकायला जागेवर नव्हता. तो तडक दुसरगावात शिरला आणि राणीच्या दारात उभा राहिला. “कुंपण मागे घ्या.”

“कुंपण हाय तिथंच हाय,” राणी म्हणाली.

“माझ्या विहिरीपासून सोळा पावलं होती. आता पंधरा भरतात.”

“तुमची बाहुली लंगडत असंल.”

बास! अजिनाथच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्या माणसानं वीस वर्षं लोकांना शहाणपण शिकवलं, तो माणूस चहा गार होईपर्यंत एका बाहुलीशी एका पावलासाठी भांडला. राजश्री मागून बघत होती. ती शांतपणे म्हणाली, “इतभर जागेसाठी कावून भांडता? मेल्यावर उरावर न्हेणार का?”

अजिनाथनं गार चहाचा कप बाजूला सारला.

“जमीन फुकट हाय म्हणता ना तिथं? घ्या की दुसरीकडं.”

“आन लिंब?” अजिनाथ म्हणाला, आणि राजश्रीनं त्याच्यासाठी पुन्हा चहा टाकला.

गल्लीचे प्रमुख होते डॉक्टरसाहेब, तेच ते हार्ट सर्जन. त्यांनी रविवारी संध्याकाळी पाचला सगळ्यांना बोलावलं. “ज्याला मोजणीतलं कळतं अशा माणसाचं माप आणा,” ते म्हणाले, “त्यावर निकाल देऊ.”

“मी स्वतः मोजलंय,” कॅप्टन म्हणाला.

“पायलटाला मोजणीतलं काय कळतंय!” राणी म्हणाली, आणि सगळ्या गल्लीनं हसऱ्या तोंडाची चित्रं पाठवली.

अजिनाथचा जीव तिथं खरा जळाला. निम्मा तालुका मोजून बसलेला माणूस, आणि त्याला मोजणीतलं कळत नाही! सांगावं तर कॅप्टन विक्रांत मेला, सगळ्या गल्लीत छी थू. न सांगावं तर लिंब गेला. चार दिवस त्याच्या घशाखाली भाकर नीट उतरली नाही.

शुक्रवारी त्याला उमापूरच्या शिवारात मोजणी होती. अर्जदार ताराबाई, साठीला आलेल्या, नवरा वारलेला. लगतचा शेतकरी त्यांचा दीर राधाकिशन. अजिनाथनं मदतनीस धुळाजीला यंत्राचा दांडा धरायला लावला, खुणा तपासल्या, दोनदा ताडून पाहिलं आणि चुन्याची फक्की मारली. पांढरी रेघ निघाली राधाकिशनच्या कपाशीत, चांगली चार फूट आत.

“बांध आपोआप सरकतो साहेब,” राधाकिशन म्हणाला. “पावसानं.”

“बारा वर्सं माझ्याकडंच कसा सरकतो रं? तुझ्याकडं सरकाय त्याला चढ लागतो का?” ताराबाई म्हणाल्या.

“साहेब, जरा चहाला चला, बोलू आपण,” राधाकिशननं अजिनाथचा दंड धरला.

“चहा झालाय माझा,” अजिनाथ म्हणाला. त्याच्या मोजणीला शिव्या खूप पडल्या होत्या, पण ती खोटी आहे असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. राधाकिशन पाय आपटत निघाला आणि जाता जाता रिवाजाप्रमाणे सात पिढ्यांपैकी तीन मोजून गेला.

अजिनाथ कागदावर सही घ्यायला ताराबाईंकडं वळला. त्या बाभळीखाली बसल्या होत्या. समोर दगडाला फोन टेकवलेला. अजिनाथनं सहज फोनकडं पाहिलं आणि त्याचा ‘आ’ वासला तो मिटेना. फोनवर गुलाबी झगा होता. पाठीला पंख होते. आणि पंखांच्या मागं त्याचा लिंब होता, त्याचाच, फक्त पलीकडच्या बाजूनं. त्या बाजूनं त्यानं तो कधी पाहिलाच नव्हता.

“मावशी, हे काय?” त्यानं कसंबसं विचारलं.

“दुसरगाव. नातीनं फोनात टाकून दिलंय. तिथं मी इमानात असते,” ताराबाई म्हणाल्या.

“आन हे झाड?”

“शेजारच्या पायलटाचं. गडी बिचारा चांगला हाय, आजून बी कुंपणावरनं रोज पाणी घालतो. पर मी त्याचा बांध कोरला.”

“कावून?”

ताराबाईंनी चुन्याच्या रेघेकडं पाहिलं. “मालक गेल्यापासनं ह्यो दरसाल बांध नांगराच्या एका रेघेनं माझ्याकडं सारतो. मी नुसतं बघत बसते. मनलं, आपण बी जलमात एकदा कोरून बघावं. कसं लागतं ते तरी कळंल.”

“मग? कसं लागलं?”

“लई ग्वाड!” ताराबाईंनी पदर तोंडाला लावला आणि पोट धरून हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, “तवापासनं झोप न्हाई, त्यो भाग येगळा.”

चार दिवस ज्या बाईला तो मनातल्या मनात खुरप्यानं हाणत होता ती ही! तिचा राग राग करावा म्हणून त्यानं मनाशी खूप जोर लावून बघितला, पण राग काही येईना. सही घेतली, यंत्र गुंडाळलं आणि धुळाजीला घेऊन तो मुकाट निघाला.

रविवारी पाचला मोगरा गल्लीतल्या सगळ्या बाहुल्या लिंबाखाली जमल्या. इकडं अजिनाथच्या शेजारी राजश्री पण येऊन बसली, दाण्याच्या शेंगा फोडत.

“कॅप्टन, माप आणलं का?” डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

अजिनाथनं एक मोठा श्वास घेतला आणि लिहिलं, “मी पायलट नाही. मी मोजणीवाला आहे. गेवराई तालुक्यात वीस वर्षं जमीन मोजतो.”

सगळ्या बाहुल्या जागच्या जागी थिजल्या. निर्मात्याचा अंगठा बटणावर राहिला असावा, त्यामुळं त्याची बाहुली तेवढी एकटीच उड्या मारत होती.

“आणि मी मोजलं,” अजिनाथनं पुढं लिहिलं. “कुंपण बरोबर आहे. झाड राणीबाईंच्या हद्दीत येतं.”

“अवो!” राजश्रीच्या हातातल्या शेंगा सांडल्या. “खोटं कावून सांगता?”

“बस गप,” अजिनाथ म्हणाला. वीस वर्षांत पहिली खोटी मोजणी! लिंबासाठी त्याला लई वाईट वाटत होतं, पण त्या बाईला जन्मात एवढी एकच जागा कोरता आली होती. जाऊ दे. असू दे तिच्याकडं.

डॉक्टरसाहेब निकाल लिहायला लागले, तेवढ्यात पॅरिसराणीच्या डोक्यावर अक्षरं उमटली, “खोटं हाय!”

सगळ्या बाहुल्या वळल्या.

“मोजणी खोटी हाय. झाड त्याचं हाय. कोरलं ते मीच.” आणि मग लगेच, “तरीच मनलं, मोजणीवाले साहेब माझ्या फोनकडं एवढं आ वासून कावून बघत होते! शुक्रवारी माझ्या शेतात खरी मोजली आन हितं खोटी मोजता? कुणी शिकिवलं तुमाला?”

अजिनाथचे कान तापले. “मावशी, तुमची हौस होती म्हणून.”

“हौस फिटली. घे बाबा तुझं झाड, आन मला रातची झोप दे.”

“एक मिनिट,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “राणीबाई, शेतात म्हणजे? पॅरिसला शेत?”

“उमापूरला. दोन एकर कापूस.”

डॉक्टरसाहेबांच्या डोक्यावर हळूहळू अक्षरं आली, “मग माझंही सांगून टाकतो. माझी रसवंती आहे. आष्टीच्या बसस्टँडजवळ. आलात कधी तर सांगा, बर्फ टाकून देईन.” त्यांच्या मागोमाग निर्माता उड्या थांबवून म्हणाला, की तो बँजो पार्टीत झांज वाजवतो. हिऱ्याच्या व्यापाऱ्यांपैकी एक पंक्चर काढणारा निघाला आणि दुसरा त्याचाच मेव्हणा. जज्जसाहेबांनी मात्र शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. ते खरंच जज्ज होते की काय, अशी शंका गल्लीला आजही आहे.

पॅरिसराणीनं कुंपण मागं नेलं. लिंब अलीकडं आला. अजिनाथनं सवयीनं विहिरीपासून पावलं मोजली आणि दचकला. सतरा!

“मावशी, एक पाऊल जास्त मागं गेलं. पुढं घ्या.”

“ऱ्हाऊ दे.”

“राहू दे कसं? हद्द म्हणजे हद्द.”

“मी देते म्हणते ना? दंड समज.”

“मला कुणाची जागा नको.”

“तुला नको तर मला बी नको!”

झालं! दोघं पुन्हा जुंपले. पावणेसात झाले तरी कुणी मागं हटेना. मधला तो एक पाऊल पट्टा बिचारा बेवारस पडून राहिला. शेवटी राजश्रीनं नवऱ्याच्या हातातला फोन हिसकावला आणि लिहिलं, “मावशी, मी ह्यांची बायको. जेवायची वेळ झाली, राहिलेलं उद्या भांडा.”

“बरं गं माय,” ताराबाईंनी लिहिलं. “चांगली दिसतीस. तू काय करतीस बाहेर?”

राजश्रीनं सांडलेल्या शेंगांकडं पाहिलं, चुलीवरच्या पिठल्याकडं पाहिलं. अंगठा जरासा घुटमळला. मग तिनं पदर नीट केला आणि लिहिलं, “हार्ट सर्जन. तुमच्या गल्लीत ती जागा आत्ताच रिकामी झाली ना?”